साहसी कोण?

मागच्या आठवड्यात आपल्या दहिवलीतल्या नववीच्या पोरांना ‘बातमी कशी लिहितात’ ते सांगायला गेलो होतो. जुनी कात्रणं वाटली आणि म्हटलं, बाईला लावतात पण पुरुषाला कधी लावत नाहीत असे शब्द शोधा. पाच मिनिटांत फळा भरला. अबला. गं. भा. चारित्र्यहीन. एका मुलीने तर माझंच कात्रण वर केलं: ‘विवाहिता प्रियकरासोबत पळाली’.

“सर, पळाले दोघं ना?”

काय बोलणार! हेडिंग मीच दिलेलं.

मग त्यांना ताराबाई शिंदेंची हकीकत सांगितली. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःचं नवजात बाळ मारल्याचा खटला चालला. फाशी सुनावली, ती पुढे कमी झाली. पण वर्तमानपत्रांनी त्या एकटीवर भागवलं नाही, सगळ्या बायकाच बिघडल्या म्हणून लिहायला सुरुवात केली. म्हणजे ताराबाईंचा राग होता तो आम्हा पेपरवाल्यांवरही!

बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ मध्ये पुण्यात ‘स्त्री पुरुष तुलना’ छापून घेतलं. ५०० प्रती, किंमत नऊ आणे. स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, हे दाखवण्यासाठी हा निबंध, असं मुखपृष्ठावरच लिहिलं. आज साहसी म्हटलं की गडावर चढणारा आठवतो. तेव्हा अविचाराने केलेलं वाईट काम, हाही ‘साहस’चा अर्थ होता. बायकांना चिकटवलेला एकेक दुर्गुण त्यांनी उचलला आणि विचारलं, हा पुरुषांत नाही का? माझ्या मते मराठीतला भाषेचा हा पहिल्या नंबरचा तास.

लोक तुटून पडले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशेंनी हे पुन्हा छापलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

आणि आता? एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव आपल्याच राज्याच्या मंत्र्यांनी पुढे केला होता. ओरड झाल्यावर निर्णय झालेला नाही म्हणाले. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “आणि बायको वारलेल्या माणसाला काय लावायचं?” वर्ग हसला.

तास संपल्यावर कात्रणं गोळा केली. माझं ‘पळाली’वालं मात्र मिळालं नाही. त्या मुलीने वहीत चिकटवलंय.