तिलावाची चांदी आणि तिलावाची माणसं

एस. एस. तिलावा 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून मोंबासा आणि डर्बनला निघाली. बोट ब्रिटिश इंडिया कंपनीची. प्रवासी, खलाशी धरून 958 माणसं, आणि पोटात चांदीच्या 2,364 लगडी. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या. 23 तारखेला मध्यरात्र उलटल्यावर जपानच्या आय-29 पाणबुडीने दोन टॉर्पेडो मारले. 280 माणसं गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेने 27 तारखेला मुंबईत परत आणून उतरवलं.

माझी हयात फोर्टमध्ये सागरी विम्याचे दावे लढवण्यात गेली. त्यामुळे कुठल्याही बुडालेल्या बोटीबद्दल मी आधी हेच विचारतो, की पैसे कुणाकडून मागायचे?

याचं उत्तर लुसिटानियाच्या खटल्यांतून मिळतं. 1915 मध्ये ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. वाचलेल्यांनी आणि वारसांनी बोटीच्या मालकावर, क्युनार्ड कंपनीवर, दावे लावले. 1918 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश मेयर यांनी निकाल दिला, की बोट बुडाली ती जर्मन सरकारच्या बेकायदा कृत्यामुळे. कंपनी जबाबदार नाही. म्हणजे कंपनीचं दार बंद, उरलं शत्रूचं सरकार. पण सामान्य माणूस परक्या सरकारला कोर्टात खेचणार कसा? ते काम त्याच्या स्वतःच्या सरकारनेच करायचं असतं. अमेरिकेने ते केलं. जर्मनीशी करार करून 1922 मध्ये संयुक्त दावे आयोग नेमला. पंच एडविन पार्कर यांनी 1923 मध्ये हिशेबाची रीत ठरवून दिली: मेलेला माणूस घरी काय आणून देत होता, त्याच्या सेवेचं मोल किती, आणि मागे राहिलेल्यांच्या मनाला बसलेल्या धक्क्याचंही काही. दंड म्हणून मात्र एक डॉलरही नाही. आयुर्विम्याचे पैसे मिळाले असले, तरी ते भरपाईतून कापायचे नाहीत. माझ्या मते ही रीत अतिशय न्याय्य होती.

तिलावाच्या माणसांसाठी मागणी करायला कुणी उभं राहिलं नाही. 9 जून 1952 रोजी भारत आणि जपान यांचा शांतता करार झाला. त्याच्या सहाव्या कलमात भारताने युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडला, आणि स्वतःचाच नव्हे, युद्धातल्या जपानी कृत्यांमुळे आपल्या नागरिकांना जे दावे करता आले असते तेही सोडले. नेहरूंच्या या औदार्याचं कौतुक होतं. मैत्रीसाठी ते केलं हे मलाही मान्य आहे. पण ज्यांची माणसं बुडाली, त्यांच्या वतीने उदार होताना त्यांना विचारायला नको होतं का?

चांदीचं नशीब निराळं. 2017 मध्ये एका खासगी कंपनीने अडीच किलोमीटर खोलीवरून ती वर काढली. मोबदल्यासाठी खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मे 2024 मध्ये कौल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. धातूवर हक्क सांगायला एक सरकार ब्याऐंशी वर्षांनंतरही हजर होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. दुसऱ्याचा दावा सोडणाऱ्याने त्याची किंमत स्वतः चुकवायची असते. 1952 मध्ये दिल्लीने सही केली, त्याच दिवशी तिलावाच्या घरांचं देणं जपानच्या खात्यातून भारत सरकारच्या खात्यावर आलं.