फेरारीने गाडी विकायला नकार दिला, म्हणून जन्माला आली 'पाववाल्याची गाडी'!

फेरारी म्हटलं की डोळ्यांसमोर येते लाल, बुटकी, देखणी गाडी. पण १९६२ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एक अशी फेरारी उतरली, जी पुढून फेरारी आणि मागून चक्क टेम्पो दिसत होती. छप्पर जवळपास सपाट मागपर्यंत गेलेलं आणि तिथे सुरीने कापल्यासारखं एकदम संपलेलं. फ्रेंच पत्रकार तिला 'कामियोनेत', म्हणजे छोटी मालवाहू गाडी म्हणाले. इंग्रजांनी नाव ठेवलं 'ब्रेडव्हॅन', आणि तेच चिकटलं. अशी गाडी एकच बनली. आणि ती बनली एका भांडणातून.

१९६१ च्या शेवटी फेरारीच्या कारखान्यात मोठा भडका उडाला. मालक एन्झो फेरारी यांच्या पत्नी लॉरा कामात फार लुडबुड करतात, अशी तक्रार होती. विक्री विभागाचे प्रमुख जिरोलामो गार्दिनी यांना घरी पाठवण्यात आलं. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वरिष्ठही बाहेर पडले. त्यांत जोत्तो बिझारिनी हे इंजिनिअर होते. आज जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांमध्ये जिची गणना होते, त्या २५० जीटीओची घडण त्यांच्याच हातून झाली होती.

या मंडळींनी 'एटीएस' नावाची नवी कंपनी काढली. तिच्यात पैसा घालणाऱ्यांपैकी एक होते व्हेनिसचे तरुण काउंट जोव्हानी वोल्पी. (व्हेनिस चित्रपट महोत्सवात अभिनयासाठी दिला जाणारा 'वोल्पी कप' त्यांच्या वडिलांच्या नावाचा.) वोल्पींचा 'सेरेनिस्सिमा' हा रेसिंग संघ फेरारीचं गिऱ्हाईक होता आणि त्यांना जीटीओ हवी होती. एटीएसचं कळताच एन्झोंनी साफ नकार दिला.

वोल्पींकडे १९६१ सालची एक २५० जीटी होती, चॅसिस क्रमांक २८१९. त्यांनी ती बिझारिनींच्या हवाली केली. जीटीओला हरवेल अशी गाडी हिच्यातून करायची होती!

बिझारिनींनी तीन लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन मागे सरकवलं आणि खाली बसवलं. ऑइल इंजिनच्या तळाला न साठवता वेगळ्या टाकीत ठेवलं, त्यामुळे इंजिनाची उंची घटली आणि बॉनेट जीटीओपेक्षाही खाली आलं. इतकं खाली, की कार्ब्युरेटर वर डोकावू लागले आणि त्यांच्यावर पारदर्शक झाकण बसवावं लागलं. नवी बॉडी मोदेना शहरात पिएरो द्रोगो यांच्या वर्कशॉपमध्ये घडली. त्या काळी इटलीत असे बॉडी बनवणारे कारागीर ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून आकार देत.

राहिला तो विचित्र मागचा भाग. हवेला कमीत कमी अडथळा व्हायचा तर शेपूट लांबलचक निमुळती हवी, पण ती रस्त्यावर परवडत नाही. आखूड केली आणि उतार तीव्र ठेवला, तर हवा पृष्ठभाग सोडून भोवरे करते आणि गाडीला मागे ओढते. यावर जर्मन प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांचा उपाय असा, की उतार सौम्यच ठेवा आणि शेपूट मध्येच सरळ कापा. तो विचार बिझारिनींनी टोकाला नेला. थट्टेचा विषय झालेली ती पाठ म्हणजे या गाडीचं खरं डोकं होतं.

ल मान्सला आयोजकांनी तिला जीटी गटाऐवजी प्रायोगिक गाड्यांमध्ये टाकलं. कार्लो आबाते आणि कॉलिन डेव्हिस चालक होते. पाहता पाहता ब्रेडव्हॅन सातव्या क्रमांकावर होती आणि सगळ्या जीटीओ तिच्या मागे! गिअरबॉक्स मात्र जुनाच, चार गिअरचा. जीटीओला पाच होते. पण चौथ्या तासाला चाकांकडे शक्ती नेणारा शाफ्ट गेला आणि खेळ तिथेच आटोपला. शर्यत फिल हिल आणि ऑलिव्हिए जाँदबिएँ यांनी फेरारीच्याच संघाकडून जिंकली. गंमत म्हणजे २८१९ क्रमांकाच्या गाडीचे पहिले मालक हेच जाँदबिएँ.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला डेव्हिस यांनी ब्रेडव्हॅनमधून जीटी गट जिंकला. पॅरिसच्या १००० किलोमीटर शर्यतीत ती तिसरी आली, दोन जीटीओंच्या मागे. एटीएस काही वर्षांतच बंद पडली. बिझारिनींनी पुढे लँबोर्गिनीसाठी पहिलं १२ सिलिंडरचं इंजिन तयार केलं.

२०२१ मध्ये नेदरलँड्सचे डिझायनर नील्स फान रॉय यांनी ५५० मारानेल्लोवर बेतून ब्रेडव्हॅनला मानवंदना देणारी नवी गाडी केली. मूळ गाडीही म्युझियममध्ये जाऊन बसली नाही. इंग्लंडच्या गुडवूडसारख्या ठिकाणी जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ती जीटीओंच्या बरोबरीने पळताना दिसली आहे.