सोन्याच्या वाटेवरचे सोबती

दूरच्या वाटेला निघणारा शहाणा माणूस आधीं सोबत पाहतो, मग वाहन पाहतो. पंढरीच्या वारीला प्रथमच जाणारा वारकरी कोणत्या दिंडींत चालावें याची चौकशी घरींच करून ठेवतो. कारण वाटेंत ताप भरला तर तोंडांत पाणी कोण घालील, हा प्रश्न त्याच्यापुढें असतो. वारींतील दिंड्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. त्यांची पारख करणें अवघड नाहीं. परंतु जी वाट आपल्या गांवांतील कोणीं तुडविलेली नाहीं आणि जिच्या शेवटीं देव नसून सोनें आहे, तिच्यासाठीं सोबत कशी निवडावी? १८४९ सालच्या आरंभीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सहस्रावधि कुटुंबांपुढें हाच प्रश्न उभा होता.

त्याचें कारण एक वर्षापूर्वीं घडलेलें होतें. २४ जानेवारी १८४८ रोजीं कॅलिफोर्नियांतील कोलोमा येथें, अमेरिकन नांवाच्या नदीच्या कांठीं, जॉन सटर यांच्यासाठीं लांकूड कापण्याची गिरणी उभारली जात असतां जेम्स मार्शल या सुताराला पाण्याच्या पाटांत सोन्याचे कण दिसले. अवघ्या नऊ दिवसांनीं मेक्सिकोशीं तह होऊन तो सारा मुलूख संयुक्त संस्थानांकडे आला. तहावर सह्या करणारांना या सोन्याची वार्ताहि नव्हती. पुढें ५ डिसेंबर रोजीं अध्यक्ष पोक यांनीं काँग्रेसला धाडलेल्या संदेशांत या बातमीस दुजोरा दिला. सरकारच्याच मुखांतून शब्द निघाल्यावर संशयास जागा उरली नाहीं. शेतकऱ्यानें नांगर ठेवला, कारकुनानें लेखणी ठेवली. १८४९ या एका वर्षांत ऐंशी ते नव्वद हजार माणसें कॅलिफोर्नियांत उतरलीं असावींत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

जाण्याच्या वाटा मुख्यतः तीन होत्या. दक्षिण अमेरिकेस वळसा घालून, हॉर्न भूशिरावरून, गलबतानें पांच ते आठ महिने; पनामाची संयोगभूमि ओलांडून त्याहून लवकर, परंतु तापाच्या तोंडांतून; किंवा मिसूरी नदीपासून बैलांच्या अगर खेंचरांच्या गाड्यांनीं सुमारें दोन हजार मैल मैदान, वाळवंट आणि पर्वत तुडवीत. यांपैकीं कोणतीहि वाट एकट्यादुकट्याच्या आवांक्यांतील नव्हती. म्हणून गांवोगांव भागीदारीच्या कंपन्या निघाल्या. प्रत्येक सभासदानें ठराविक रक्कम भरावयाची. न्यू इंग्लंडकडील कित्येक कंपन्यांत ती तीनशें डॉलर असे. मजुराला दिवसाकाठीं डॉलरभर मिळण्याच्या त्या काळीं ही रक्कम म्हणजे जवळजवळ वर्षाची मिळकत. ती उभी करण्यासाठीं कोणी जमीन गहाण टाकी, कोणी सासऱ्याकडून उसनें घेई. ज्यांना स्वतः जाणें शक्य नव्हतें असे गृहस्थ दुसऱ्या एखाद्या तरुणाचा खर्च सोसून त्याच्या भावी सोन्यांत वांटा राखीत.

अशा स्थितींत कोणत्या कंपनींत नांव घालावें, याचा खल घराघरांतून होऊं लागला. वडील माणसें कंपनीची घटना मागवून वाचीत. तिच्यांत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची निवडणूक कशी व्हावी तें सांगितलेलें असे. मद्यपान, जुगार आणि शिवीगाळ यांस बंदी असे. रविवारीं काम करूं नये असें कलम असे. मिळेल तें सारें सोनें एकत्र करून समान वांटावें, आणि आजारी सभासदालाहि त्याचा वांटा मिळावा, असें वचन असे. कंपनींत वैद्य आहे काय, धर्मोपदेशक आहे काय, पुढारी कोणत्या कुळांतील आहेत, हेंहि पाहिलें जाई. अशी छापील घटना हातीं पडली म्हणजे घरांतील स्त्रियांचें चित्त थोडें स्वस्थ होई. या सावधगिरीला हंसण्याचें कारण नाहीं. कसोट्या चांगल्या होत्या. मात्र त्या घरच्या कसोट्या होत्या.

बोस्टनची एक कंपनी या सर्व कसोट्यांस उतरलेली होती. तिचे दीडशें सभासद, प्रत्येकी भाग तीनशें डॉलर. त्यांत दर्यावर्दी होते, डॉक्टर होते, धर्मोपदेशक आणि नाना प्रकारचे कारागीर होते. त्यांनीं स्वतःचें गलबत घेतलें. त्याचें नांव 'एडवर्ड एव्हरेट'; हार्वर्ड विद्यापीठाच्या तत्कालीन अध्यक्षांचेंच तें नांव, आणि त्या विद्वान गृहस्थांनीं प्रवासांत वाचावयास ग्रंथहि दिले. जानेवारी १८४९ मध्यें निघालेलें हें गलबत जुलैच्या आरंभीं सॅन फ्रान्सिस्कोला पोंचलें. अथांग समुद्रावर सहा महिने ही मंडळी एकत्र राहिली, एकत्र जेवली, रविवारीं एकत्र प्रार्थनेस बसली. परंतु किनाऱ्याला पाय लागल्यावर थोड्याच अवधींत कंपनी मोडली आणि जो तो आपापल्या वाटेनें गेला.

हें एकाच कंपनीचें दैव नव्हतें. त्या वर्षीं निघालेल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची हीच गत झाली. याचें कारण केवळ लोभ असें म्हणून सुटतां येणार नाहीं; तें त्या सोन्याच्या कामांतच होतें. आपल्याकडे सराफकट्ट्यावरील केरमाती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत. कॅलिफोर्नियांतील आरंभींचें काम त्याच जातीचें. सोनें सामान्य वाळूहून सुमारें सातपट जड. म्हणून पसरट तसराळ्यांत रेती व पाणी घेऊन तें फिरवीत राहिलें म्हणजे हलकी रेती वाहून जाई आणि सोन्याचे कण तळाशीं उरत. हें काम एकटा माणूस करी. त्याहून अधिक रेती धुण्यासाठीं लांकडी पाळणा वापरीत. एकानें खणावें, एकानें माती वाहून आणावी, एकानें पाणी ओतून पाळणा हलवावा; तीनचार माणसांत काम भागे. तेथें दीडशें माणसांच्या कंपनीला करावयास असें कांहींच नव्हतें. समुद्र ओलांडावयास दीडशेंजणांची गरज होती. ओढ्याच्या कांठीं चौघे पुरेसे होते. जो बळकट होता त्याला आपली कमाई अशक्तांबरोबर समान वांटून घेणें जाचूं लागलें, आणि घटनेंतील कलमें बोस्टनच्या दिवाणखान्यांतच राहिलीं.

खुष्कीच्या मार्गानें गेलेल्यांचा अनुभवहि याहून निराळा नव्हता. 'बोस्टन-न्यूटन' या नांवाची पंचवीस जणांची एक कंपनी १६ एप्रिल १८४९ रोजीं निघाली आणि २७ सप्टेंबरला सटर यांच्या गढीला पोंचली. अर्धें खंड तिनें एकोप्यानें ओलांडलें; पण मुक्कामास पोंचतांच तीहि विसर्जित झाली. या पंचवीसांपैकीं डेव्हिड स्टेपल्स हे पुढें सॅन फ्रान्सिस्को येथील 'फायरमन्स फंड' या विमा कंपनीचे अध्यक्ष झाले. एकाचें नुकसान अनेकांनीं मिळून सोसावें, हें जें तत्त्व सोन्याच्या वाटेवर टिकलें नाहीं, त्याचाच व्यवसाय त्यांनीं उत्तम चालविला.

कंपनी मुक्कामास पोंचून मोडली तर तितकें दुःख नाहीं. ती वाटेंतच मोडली तर काय होतें, हें गोल्ड्सबरो ब्रफ यांच्या वृत्तांतावरून कळतें. हे वॉशिंग्टन येथें सरकारी नकाशे काढणारे गृहस्थ, वय पंचेचाळीस. त्यांनीं राजधानींतील साठांहून अधिक लोकांची एक कंपनी उभी केली, तिला करड्या रंगाचा गणवेष दिला, आणि तिच्या कप्तानपदीं त्यांचीच निवड झाली. वाटेंत त्यांनीं पहारे बसविले, शिस्त राखली, आणि रोजच्या रोज रोजनिशी लिहून चित्रें काढलीं. शिस्त जाचते म्हणून कुरकुर होत राहिली. पण कंपनी कॅलिफोर्नियाच्या डोंगरांपर्यंत सुखरूप पोंचली ती त्या शिस्तीमुळेंच. तेथें, जवळची म्हणून धरलेली लॅसेन यांची वाट लांबची निघाली आणि ऑक्टोबरांत जनावरें थकून पडूं लागलीं. सामान राखण्यासाठीं कोणीतरी मागें राहणें भाग होतें. कप्तान स्वतः राहिले. मंडळी खालीं वस्तींत उतरली. तेथून जनावरें परत धाडावयाचीं असें ठरलें होतें. तीं आलीं नाहींत.

बर्फ पडूं लागलें. ब्रफ आजारी झाले. येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंना त्यांनीं आपल्या शिध्यांतून अन्न दिलें. एका बापानें आपला सुमारें चार वर्षांचा मुलगा त्यांच्यापाशीं सोडला आणि तो परत आला नाहीं; तें पोर १८५० च्या आरंभीं तेथेंच वारलें, आणि त्याला मूठमाती ब्रफ यांनींच दिली. एप्रिलांत, मेणबत्त्यांच्या तुकड्यांवरहि भूक भागविण्याची पाळी आल्यावर, ते कसेबसे डोंगर उतरून वस्तीला लागले. त्यांना सोनें मिळालें नाहीं. १८५१ सालीं ते वॉशिंग्टनला परतले आणि पुन्हां नकाशे काढूं लागले. त्यांची ती रोजनिशी १९४४ सालीं न्यूयॉर्क येथें दोन खंडांत प्रसिद्ध झाली. त्या वर्षीं सोन्यासाठीं गेलेल्यांच्या हकीकतींत तिचें स्थान फार वरचें आहे.

त्याच प्रदेशांत दुसऱ्या प्रकारच्या संस्थाहि निघाल्या. चीनच्या क्वांगटुंग प्रांतांतून आलेल्या मजुरांनीं १८५१ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोंत आपापल्या जिल्ह्यांचे संघ स्थापिले. त्यांनीं सोन्याच्या समान वांटणीचें वचन दिलें नाहीं. नव्यानें उतरलेल्याला निवारा द्यावा, आजाऱ्याची काळजी घ्यावी, तंटे मिटवावे, आणि परदेशांत मेलेल्याच्या अस्थि त्याच्या गांवीं पोंचवाव्या, अशीं कामें त्यांनीं हातीं घेतलीं. त्यांचा अंमल कडकहि असे; देणें फेडल्यावांचून सभासदाला मायदेशीं परत जाणें कठीण होई. परंतु परकीय खाणकऱ्यांवर १८५२ सालीं बसलेला दरमहा तीन डॉलरांचा कर मुख्यतः ज्यांच्या माथीं पडला, त्या परक्या माणसांना पाठीशीं उभें राहणारें दुसरें कोण होतें? सोनें संपल्यावरहि हे संघ राहिले. कारण ते सोन्यासाठीं निघालेच नव्हते.

बोस्टन आणि वॉशिंग्टन येथील वडील मंडळींनीं कंपन्यांच्या घटना वाचल्या, त्यांत त्यांची चूक नव्हती. फक्त एक प्रश्न विचारावयाचा राहिला. लाभाच्या वेळीं वांटणी कशी होईल, हें त्यांनीं कलमवार समजून घेतलें. मागें राहिलेल्या माणसासाठीं डोंगर चढून परत कोण येईल, हें विचारलें नाहीं. त्याचें उत्तर कोणत्याहि छापील घटनेंत सांपडलें नसतें. तें शोधण्यासाठीं साठ-सत्तर नांवांची यादी दूर सारून ज्यांच्याशीं एका तंबूंत राहावयाचें अशा चौघांचे पूर्ववृत्त पाहावें लागलें असतें: घरीं आजारपण आलें तेव्हां कोण धांवला, उसने घेतलेले पैसे कोणीं न मागतां परत केले, दुष्काळांत कोणाच्या दारावरून भुकेला रिकाम्या हातीं गेला नाहीं. वॉशिंग्टनच्या कंपनींत असा एक माणूस होता. सर्वांनीं मिळून त्यालाच कप्तान निवडला, आणि मागेंहि त्यालाच ठेवला.