मुक्कामाच्या रुग्णाकडून घाईच्या रुग्णाकडे

आमच्या वडवणीच्या मुली आता नर्सिंग शिकायला बीड, अंबाजोगाई, पुण्याला जातात. काहींना पहिली नोकरी वृद्धाश्रमात किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या सेवेत मिळते. पुढे मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेल्या, की ‘हा अनुभव आम्ही धरत नाही’ असं त्यांना सांगितलं जातं. क्षयरोग्यांच्या वॉर्डात अकरा वर्षं काढून मी तातडीच्या विभागात गेले, तेव्हा मलाही हेच ऐकावं लागलं होतं. म्हणून या दोन कामांमधल्या वाटेचा इतिहास आज सांगते.

एके काळी क्षयावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार आणि शुश्रूषा हाच इलाज. त्यासाठी आरोग्यधामं उभी राहिली. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल एअर’ सुरू केलं. मिरजेजवळ वानलेसवाडीलाही असं आरोग्यधाम होतं. रुग्ण महिनोन्‌महिने तिथं राहत आणि परिचारिका त्यांच्या घरच्यासारखी होऊन जाई.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आलं. मग १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून औषधं दिली, काहींना त्यांच्या गरीब घरातच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले होते. १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा हाच उपचाराचा पाया ठरला. आरोग्यधामांची गरज ओसरली. ‘बेल एअर’मध्येही पुढं रेड क्रॉसच्या छत्राखाली इतर आजारांवर उपचार होऊ लागले.

त्याच १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वास थांबत चाललेल्या रुग्णांना डॉ. ब्योर्न इब्सेन यांच्या पद्धतीनं वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीनं हातानं पिशवी दाबून श्वास दिला. त्यातूनच पुढच्या वर्षी अतिदक्षता विभागाची कल्पना आकाराला आली. एकीकडे महिन्यांच्या मुक्कामाची शुश्रूषा मागं पडत होती, दुसरीकडे मिनिटांची शुश्रूषा जन्म घेत होती.

या दोन्हींत फरक आहे, तो नाकारू नये. क्षयाच्या वॉर्डात मी रुग्ण चेहऱ्यावरून ओळखायची. रोज दोन भाकरी खाणाऱ्यानं अर्धी ठेवली, की काही बिनसलंय हे समजायचं. तातडीच्या विभागात रुग्ण तासाभरापूर्वी आलेला असतो. त्याचा नेहमीचा चेहरा कसा, हे तिथं कुणालाच ठाऊक नसतं. मग नाडी, श्वास, रक्तदाब, लघवीचं प्रमाण यांचे आकडे वेळच्या वेळी लिहावे लागतात, कारण तेच त्याची ओळख असतात. आधी कुणाकडं धावायचं हेही शिकावं लागतं. ओरडणाऱ्याला निदान श्वास तरी असतो. गप्प पडलेल्याकडं आधी बघायचं.

पण जुनं शिक्षण वाया जात नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं, ठसका न लागता भरवणं, हे दीर्घ शुश्रूषेचे रोजचे धडे. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की फुप्फुसं फार बिघडलेल्या, कृत्रिम श्वासावरच्या रुग्णाला दिवसातले सोळा तास पालथं ठेवलं तर मृत्यू कमी होतात. कोविडच्या साथीत २०२०-२१ मध्ये ही रीत जगभर वापरली गेली. एकही नळी निसटू न देता, गालाला-गुडघ्याला जखम न होऊ देता माणूस पालथा करायला चार-पाच जणांचे सराईत हात लागतात. कूस बदलायची सवय असलेल्या हातांची किंमत तेव्हा कळली.

दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात आणि मागं म्हातारी माणसं राहतात. त्यांच्या नातींना शुश्रूषा नर्सिंगला जाण्याआधीच ठाऊक असते. अशी मुलगी मुलाखतीला आली, तर तिला दोन-तीन महिने अनुभवी सिस्टरच्या हाताखाली ठेवा. घाई तिला शिकवता येईल. माणसाकडं नीट बघणं ती आधीच शिकून आलेली आहे.