व्हाळावरचा बांध

चिपीच्या विमानतळावर उतरलात की धावपट्टीच्या कडेला जरा उभे राहा आणि पायाखालचं डांबर मनानेच खरवडून काढा. इथून प्रवासी विमानं उडू लागली 2021 च्या ऑक्टोबरात. तुम्हाला जायचंय 1974 च्या कार्तिकात. डांबर निघालं की खाली जांभ्याचा सडा लागतो. गुडघाभर वाढलेलं गवत पिवळं पडलंय, गुरं चरताहेत आणि गुराखी पोर तुमच्या बुटांकडे टक लावून बघतंय. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचाय 1981 साली. तुम्ही आत्ता रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहात.

घाटी उतरून खाली चला. वाट दोन गडग्यांच्या मधून जाते. भात कापून झालंय, खळ्यात पेंढ्याच्या उडव्या रचल्यात. पलीकडून माणसांचा गलका ऐकू येतोय. वाडीतली सगळी माणसं आज व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरली आहेत, कारण आज बांध घालायचा आहे.

आधी गाऱ्हाणं. नारळ हातात धरून गावकर देवाला साकडं घालतात, पाणी पुरू दे, गुराढोरांना राखण दे, आणि प्रत्येक मागणीला माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग कामाला हात लागतात. व्हाळाच्या तळात मेढी ठोकतात, त्यांना आडवे बांबू बांधतात. पुढे मोठे धोंडे, धोंड्यांच्या फटीत पेंढा आणि झाडांचा टाळ. बायका टोपल्यांनी माती आणून ओततात आणि पोरं तिच्यावर नाचून ती तुडवतात. नीट बघा, पाणी अजून पाझरतंय. एक म्हातारा गुडघाभर पाण्यात वाकून हाताने चाचपत फट शोधतो, तिथे चिखलाचा गोळा दाबतो, पुन्हा चाचपतो. त्याला घाई नाही. सूर्य डोक्यावर येईतो पाणी चढू लागतं आणि बाजूच्या पाटात शिरतं. पाटाच्या तोंडाशी बसलेली पोरं ओरडत पाण्याच्या पुढे धावत सुटतात.

हे पाणी वायंगणाला जाणार. पावसाळी भात निघाल्यावर त्याच मळ्यात पाटाच्या पाण्यावर घेतलेलं दुसरं भातपीक म्हणजे वायंगण. कोणाच्या कुणग्याला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, कुठल्या दिवशी पाणी, याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत आणि पाळीवरून भांडणंही जोरात होतात. अडवलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत आधार देतं. ज्याला मळा नाही, तोही आज बांधावर राबतोय, कारण विहीर त्याचीही आहे.

दुपारी उकड्या तांदळाची पेज येते. फणसाचं पान दुमडून त्याला हीर टोचायची, झाला चमचा. सोबत चुलीत भाजलेला सुका बांगडा. तुम्हालाही वाढतील, पण जेवताना मान वर करून बघा. काही माणसं लांब, वेगळी बसवलेली आहेत. सकाळपासून धोंडे त्यांनीही उचलले आहेत. वर गावात गाडीचा रस्ता नाही. अडलेली बाळंतीण डोलीतून न्यावी लागते आणि कधीकधी वाटेतच उशीर होतो. कितीतरी घरांची चूल मुंबईच्या गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटते. त्या काळाची ओढ मलाही आहे, पण हे सगळं पदरात घेऊनच.

आता जागचे हलू नका. तिथेच काठावर उभे राहा आणि वर्षं पुढे सरकू द्या.

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू होतो, मनीऑर्डरी आटतात, माणसं गावी परततात आणि मळ्याची किंमत पुन्हा कळते. पण पुढची पोरं मिळेल ती वाट धरून मुंबईकडेच जातात. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागते. आईला बघायला मुलगा एका रात्रीत घरी येऊ शकतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. रस्ता येतो, वीज येते, बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचते. बैलजोड्या कमी होतात, तांदूळ दुकानातून येतो, वायंगण एकेका कुणग्यातून सुटत जातं. बांधावर दर कार्तिकात माणसं कमी दिसतात. मग एका वर्षी कोणीच येत नाही. त्या वर्षी कोणी काही ठरवलेलं नसतं, नुसतं राहून जातं.

पुढे सड्यावर मोजणीवाले येतात. महामार्गासाठी जुने वड-आंबे पडतात. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावं पानभर. जमीन विकायच्या सह्या गोळा करायला दलाल मुंबईपर्यंत जातो आणि त्याला त्या मिळतातही. मला सगळ्यात जास्त डाचतं ते हे: विकायला जी भावंडं एकत्र येतात, ती पाणी अडवायला कधी एकत्र आली नाहीत. घर गेलं तर पुन्हा बांधता येईल. सगळ्या वाडीने एका दिवशी व्हाळात उतरायचं, ही सवय मोडली तर ती ठेकेदाराकडून विकत घेता येत नाही.

तुम्ही परत आजच्या दिवाळीत आहात. व्हाळात चार-पाच जण सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरताहेत. वनराई बंधारा घालायचा आहे. मेढी नाहीत, गाऱ्हाणं मात्र झालंय, नारळाची शेंडी पाण्यावर तरंगतेय. कमरेला टॉवेल गुंडाळलेला एक आजोबा गोणीचं तोंड सुतळीने शिवताना मान वर करतात.

“तुमी खंयचे? कोणाचे?”

तुम्ही घराचं नाव सांगता, तुमच्या आजोबांचं नाव सांगता. ते तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात.

“मगे हयसर उभो कित्याक? ती गोणी धर.”