बसलेला उठतो : रोहण्याचे काळे आणि आर्वीचा मतदार

राजकारणावर लिहायचं नाही असं दर वेळी ठरवतो आणि दर वेळी मोडतो :) पण आज कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची नाहीये. आज एका मतदारसंघाचा इतिहास बघायचा आहे, आणि त्यातही एका माणसाच्या चार-पाच निवडणुका. शनिवारी दुपारी एक्सेल शीट उघडून बसलो होतो, त्यात जे दिसलं ते सांगतो.

आधी गावाची ओळख. रोहणा हे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं गाव. पुलगावहून आर्वीला जाणारी ३५ किलोमीटरची छोटी रेल्वे १९१७ साली सुरू झाली, तिच्या वाटेवरचं. विदर्भातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने असे फाटे काढले होते, 'शकुंतला' तुम्ही ऐकली असेल, ही तिचीच बहीण. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. थोडं वर कारंजा-आष्टीकडे गेलं की संत्र्याच्या बागा. माझं आजोळ याच भागातलं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि निवडणुकीच्या गप्पा दोन्ही मी तिथे भरपूर अनुभवल्या आहेत.

याच रोहण्याचं काळे घराणं. शरदराव काळे आर्वीचे काँग्रेसचे आमदार होते. त्यांचे चिरंजीव अमर काळे, तेही आर्वीचे काँग्रेसचेच आमदार झाले. इथवर वाचून तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? बाप आमदार, मुलगा आमदार, महाराष्ट्रात तालुक्याला एक अशी गोष्ट सापडेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. घराणेशाहीची अजून एक केस, एवढंच.

पण निकाल वर्षावार लावून बघितले आणि गंमत दिसली.

२००४ साली आर्वीतून अमर काळे निवडून आले. २००९ ला भाजपचे दादाराव केचे यांनी त्यांना पाडलं. २०१४ ला काळेंनी केचेंना पाडलं. २०१९ ला पुन्हा केचेंनी काळेंना. तीच दोन माणसं, तेच दोन पक्ष, आणि खुर्ची एकदा इकडे, एकदा तिकडे. इंजिनिअरिंगला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये फ्लिप-फ्लॉप शिकलो होतो, तो असा प्रत्यक्ष भेटेल असं वाटलं नव्हतं.

आता याच्या शेजारी राज्याचा निकाल ठेवा. २००९ साली राज्यात काँग्रेसने ८२ जागा जिंकल्या आणि राष्ट्रवादीबरोबर पुन्हा सरकार बनवलं. त्या वर्षी आर्वीत काँग्रेस हरली. २०१४ ला मोदी लाट, भाजप एकट्याच्या बळावर १२२, काँग्रेस ४२ वर. त्या वर्षी आर्वीत काँग्रेस जिंकली! २०१९ ला भाजप १२२ वरून १०५ वर उतरली, काँग्रेस ४४ म्हणजे दोनने का होईना पण वर गेली. आणि आर्वीत? काँग्रेस हरली, भाजप जिंकली.

म्हणजे राज्यात वारं कुठल्या बाजूला आहे याचा आर्वीवर परिणाम होत नाही असं म्हणावं, तर तसंही नाही. आर्वी तीनदा लागोपाठ वाऱ्याच्या उलट गेली आहे. मग तिथला मतदार नेमकं बघतो तरी काय?

माझ्या मामाने याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं. "निवडून आला का मानूस मुंबईतच दिसते, पडला का मंग आपल्या दारात दिसते." म्हणजे हिशोब सरळ आहे. जो बसलाय त्याला उठवायचं. २००९ ला बसलेले काळे होते, ते उठले. २०१४ ला बसलेले केचे होते, ते उठले. २०१९ ला परत बसलेले काळे, परत उठले. पक्ष, लाट, जात, पैसा हे सगळं असतंच, मी नाही म्हणत नाही. पण तीन निवडणुकांना एकच नियम लावून बघायचा तर हा सगळ्यात साधा नियम, आणि तो तिन्ही वेळा बरोबर बसतो.

आणि हे फक्त आर्वीचं नाही, सगळ्या वर्ध्यालाच ही सवय आहे. लोकसभेचं बघा. वसंत साठे आठवतात का? १९८२ साली आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री. ते १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा वर्ध्याचे खासदार. १९९१ साली काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ३८ जागा जिंकल्या, आणि नेमके वर्ध्यात साठे पडले. तेही कुणाकडून? मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांच्याकडून. त्यानंतर १९९६ ला भाजपचे विजय मुडे, १९९८ ला दत्ता मेघे, १९९९ ला प्रभा राव, २००४ ला भाजपचे सुरेश वाघमारे, २००९ ला परत मेघे, २०१४ ला रामदास तडस. सात निवडणुका, आणि लागोपाठ दोनदा कुणीही नाही! ही साखळी तोडली ती तडसांनी, २०१९ ला दुसऱ्यांदा निवडून येऊन. तेही १ लाख ८७ हजार मतांनी, प्रभा रावांच्या कन्या चारुलता टोकस यांना हरवून.

आता थोडं गणित. २०१४ ला काळे जिंकले ते ३,१४३ मतांनी (७५,८८६ विरुद्ध ७२,७४३). आकडा ऐकायला बरा मोठा वाटतो. पण विधानसभा मतदारसंघात ढोबळ मानाने ३०० बूथ धरा. म्हणजे बूथमागे साधारण दहा मतांचा फरक. आणि एक माणूस इकडून तिकडे गेला की फरक दोनने बदलतो, म्हणजे प्रत्येक बूथवर फक्त पाच-सहा जणांनी मत फिरवलं असतं तर आमदार बदलला असता. पाच-सहा! एका घरात तेवढी माणसं असतात. २०१९ ला केचे १२,४६७ मतांनी आले, तेव्हा हाच आकडा बूथमागे एकवीसच्या आसपास येतो. शेजारच्या देवळीत २०१४ ला रणजित कांबळे ९४३ मतांनी निवडून आले होते, तिथे तर बूथमागे दोन माणसंही लागत नाहीत.

पुण्या-मुंबईत राहून ज्यांची नावं अजून गावच्या यादीत आहेत त्यांनी हे गणित एकदा आपापल्या मतदारसंघासाठी करून बघाच. "आपल्या एका मताने काय होणार" हे वाक्य परत तितक्या सहज तोंडातून येत नाही.

असो. आता २०२४ कडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

लोकसभेला महाविकास आघाडीत वर्ध्याची जागा शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली. गांधींच्या सेवाग्रामचा जिल्हा, आणि लोकसभेला काँग्रेसचा उमेदवारच नाही. अमर काळे तेव्हा काँग्रेसमध्ये होते. ते राष्ट्रवादीत गेले आणि ३० मार्चला आलेल्या पक्षाच्या पहिल्या यादीत त्यांचं नाव झळकलं. २६ एप्रिलला मतदान. ज्या माणसाने आयुष्यभर पंजावर मतं मागितली, त्याला चार आठवड्यांत लोकांना तुतारी वाजवणारा माणूस ओळखायला शिकवायचं होतं. समोर दोन टर्मचे खासदार, पैलवान तडस. ४ जूनला निकाल लागला. काळे ५,३३,१०६, तडस ४,५१,४५८. फरक ८१,६४८.

विधानसभेला पडलेला माणूस पाच वर्षांत लोकसभेला जिंकला. आणि नियम? नियम तोच. बसलेला उठला.

मग आली नोव्हेंबरची विधानसभा. वर्धा लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात : आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यातले मोर्शी, धामणगाव रेल्वे. जूनमध्ये याच सहा मतदारसंघांनी मिळून काळेंना ८१ हजारांची आघाडी दिली होती. २३ नोव्हेंबरला सहाच्या सहा जागा भाजपने जिंकल्या. साडेपाच महिन्यांत!

लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये मध्यंतरी खात्यात यायला लागले होते आणि राज्यभरच महायुतीला २३० जागा मिळाल्या, तेव्हा एकट्या वर्ध्याचं नवल नाही. पण आर्वीत अजून एक गोष्ट घडली होती आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

नियमाप्रमाणे या वेळी उठायची पाळी केचेंची होती. भाजपने काय केलं? केचेंना उमेदवारीच दिली नाही. त्यांच्या जागी सुमित वानखेडे, देवेंद्र फडणवीसांच्या कार्यालयात काम केलेला तरुण माणूस. केचे नाराज झाले, अपक्ष अर्ज भरला, मग अमित शहांची भेट झाली आणि अर्ज मागे घेतला. म्हणजे मतदार ज्याला उठवायला आला, तो खुर्चीवर नव्हताच! पाटी कोरी. समोर राष्ट्रवादीकडून मयुरा काळे, खासदार अमर काळे यांच्या पत्नी. वानखेडे जिंकले.

माझ्या मते भाजपने आर्वीचा इतिहास काळजीपूर्वक वाचला होता. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर हँग व्हायच्या आत रीस्टार्ट करून टाकला. विरोधकांनी मात्र तेच आडनाव पुन्हा पुढे केलं, आणि ते आडनाव तर जूनमध्येच खुर्चीवर जाऊन बसलं होतं. आर्वीच्या जुन्या हिशोबात या वेळी बसलेले काळेच ठरले, असं म्हणायलाही जागा आहे.

आता यात कुणाचं काय गेलं ते बघा. केचे मार्च २०२५ मध्ये विधान परिषदेवर गेले, परत आमदार. काळे दिल्लीत खासदार. मतदारांनी ज्यांना ज्यांना म्हणून उठवलं त्यातलं कुणी घरी बसलेलं नाही, उलट २०१९ ला पडलेला माणूस एक मजला वर चढला. मला यात काळेंना किंवा केचेंना दोष द्यायचा नाही. पडल्यावरही पाच वर्षं गावोगाव फिरत राहणं, लग्न-मयतीला जाणं, कामं करून देणं सोपं नाही, आपल्यातले किती जण अप्रेझल खराब आल्यावर त्याच जागी पाच वर्षं टिकतात!

प्रश्न मतदाराचा आहे. आर्वीच्या माणसाकडे आमदाराला जाब विचारायचं एकच हत्यार होतं, पाच वर्षांनी त्याला पाडणं. पंधरा वर्षं त्याने ते इमानेइतबारे वापरलं. पण तेवढ्या वर्षांत पर्याय किती होते? दोन. आणि आता पक्षांना कळलंय की ऐन वेळी चेहरा बदलला की हे हत्यार बोथट होतं. चेहरा कुठला द्यायचा हे मात्र आर्वीत ठरत नाही, मुंबई-दिल्लीत ठरतं. उमेदवार कोण असावा यावर गावातल्या माणसाचं मत कुणी विचारलं, असं मी तरी आजोळी कधी ऐकलेलं नाही.

घराणेशाहीला शिव्या घालणं आपल्याला सोपं जातं. पण रोहण्याच्या काळेंचा इतिहास सांगतो की घराण्याला तिकीट वारशाने मिळतं, मतं वारशाने मिळत नाहीत. ती दर वेळी नव्याने कमवावी लागतात, आणि आर्वीत तर बूथमागे पाच-सहा जणांची नाराजीसुद्धा पुरते. खरी अडचण तिकिटाच्या पायरीवर आहे, आणि त्या पायरीवर तुमचं-माझं मत चालत नाही.

२०२९ ला बसलेले असतील वानखेडे आणि काळे, एक विधानसभेत, एक लोकसभेत. एक्सेल शीट मी जपून ठेवलीय. तुमच्या मतदारसंघात बसलेला उठतो की बसूनच राहतो, ते नक्की कळवा.