तान्ह्या बाळाला घेऊन डिस्ने वर्ल्ड: तिकीट लागत नाही, मग तयारी कशाची लागते?

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये एक जुना मेरी-गो-राउंड आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना तिथे घेऊन जायचे. मुली लाकडी घोड्यावर गोल फिरायच्या आणि वडील बाकावर बसून राहायचे. मुलं आणि मोठी माणसं एकत्र मजा करू शकतील अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर सुचल्याचं डिस्ने यांनी पुढे सांगितलं. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं आणि १ ऑक्टोबर १९७१ ला फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड.

सात-आठ वर्षांच्या मुलासोबत ही 'एकत्र मजा' सहज जमते. पण दहा महिन्यांचं बाळ किंवा दोन वर्षांचं पळणारं पोर सोबत असेल तर? अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी घरांत हा प्रश्न येतोच. भारतातून आजी-आजोबा आलेले असतात, सुट्टी जोडून मिळालेली असते आणि ऑर्लँडोला जायचा बेत ठरतो. मग बाळाला न्यायचं की थांबायचं? आणि न्यायचं तर कसं?

तिकीट नाही, म्हणून न्यावं का?

डिस्ने वर्ल्डमध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. ३ ते ९ वर्षांच्या मुलांना लहान मुलांचं तिकीट लागतं आणि १० वर्षांपासून मोठ्यांचं. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्येही ३ वर्षांखाली तिकीट नाही. टोकियोमध्ये ही सवलत ३ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाही मिळते, तिकीट चौथ्या वर्षापासून लागतं. त्यामुळे 'तिसऱ्या वाढदिवसाआधी जाऊन येऊ' असा हिशेब अनेक पालक करतात.

त्यावर घरातून ठरलेला सवाल येतो, 'त्याला काय आठवणार आहे?' हे खरंच आहे. मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या असतात. त्याआधीचं बहुतेक पुसलं जातं. म्हणजे ही सहल बाळाच्या आठवणीसाठी नसते. बाळासाठी फक्त तो दिवस असतो. त्या दिवशी ते नीट जेवलं, झोपलं आणि घाबरलं नाही, तर त्याच्या दृष्टीने सहल चांगली झाली. सगळं नियोजन याच गोष्टीभोवती करावं लागतं.

मोठ्यांची दमछाक कुठे होते?

डिस्ने वर्ल्ड हे एक पार्क नाही. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या परिसरात मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम असे चार थीम पार्क आहेत. लहान मुलांसाठी बहुतेक जण पहिली निवड मॅजिक किंगडमची करतात, आणि नेमकं तिथेच पोहोचायला सगळ्यात जास्त टप्पे लागतात.

स्वतःच्या गाडीने आल्यास पार्किंग मॅजिक किंगडमच्या दारात नसतं. गाडी तळ्याच्या अलीकडच्या काठाला लावायची आणि तिथून मोनोरेल किंवा फेरीबोटीने पलीकडे जायचं. येताना उत्साह असतो, त्यामुळे हे जाणवत नाही. पण दुपारी बाळ रडायला लागलं की 'चला, गाडीत बसून शांत करू' असं पटकन करता येत नाही. मोनोरेल आणि बोटीत बाबागाडी उघडी ठेवता येते. डिस्नेच्या बसमध्ये मात्र ती घडी करावी लागते. म्हणजे एका हातात झोपलेलं बाळ आणि दुसऱ्या हातात बाबागाडी. यासाठी सोबत दुसरं मोठं माणूस हवंच.

बाळाला कोणत्या राईडमध्ये बसता येतं?

डिस्नेत अनेक राईड्सना वयाची नाही, उंचीची अट असते. मॅजिक किंगडममधल्या काही अटी अशा आहेत:

- बार्नस्टॉर्मर: ८९ सेंटीमीटर
- सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन: ९७ सेंटीमीटर
- स्पेस माउंटन: ११२ सेंटीमीटर
- ट्रॉन: १२२ सेंटीमीटर

इथे उंची खरोखर मोजली जाते. 'दोन सेंटीमीटरच कमी आहे हो' असं म्हणून चालत नाही, कारण राईडचा सुरक्षा दांडा ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो. घरूनच उंची मोजून निघालं तर दारात होणारी रडारड टळते. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या आपल्याकडच्या पार्कमध्येही राईडनुसार उंचीच्या अटी असतात, तिथेही हीच सवय उपयोगी पडते.

उंचीची अट नसलेल्या राईड्सही भरपूर आहेत. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'ची बोट, डंबो, पीटर पॅन्स फ्लाइट, विनी द पूह, मेरी-गो-राउंड आणि उंचावरून संथ फिरवणारी पीपलमूव्हर. यांत बाळाला घेऊन बसता येतं.

मात्र उंचीची अट नाही याचा अर्थ भीती वाटणार नाही असा नाही. हाँटेड मॅन्शनमध्ये आणि पायरेट्स ऑफ द कॅरिबियनमध्ये अंधार असतो, मोठे आवाज असतात. पायरेट्समध्ये बोट एका ठिकाणी खालीही घसरते. वर्षाच्या आतलं बाळ यात झोपूनही जाईल. दोन-अडीच वर्षांचं मूल मात्र घाबरू शकतं, कारण त्याला भुतं कळायला लागलेली असतात, पण ती खोटी आहेत हे कळलेलं नसतं.

आई-बाबांनी मोठ्या राईड्स सोडायच्या का?

नाही. त्यासाठी 'रायडर स्विच' नावाची सोय आहे. एक पालक रांगेतून जाऊन राईड करतो, दुसरा बाळाजवळ थांबतो. पहिला परत आला की दुसऱ्याला मुख्य रांगेत पुन्हा उभं न राहता आत सोडतात. त्यासाठी जादा पैसे नाहीत. अट एकच, रांगेत शिरण्याआधी बाळासह सगळ्यांनी प्रवेशावरच्या कर्मचाऱ्याला भेटायचं. एकाची राईड झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

आजी-आजोबा सोबत असतील आणि त्यांना वेगवान राईड्स नको असतील, तर आई-बाबा एकत्रच जाऊ शकतात. पण बाळ सांभाळायला आलेल्या आजीलाही पूर्ण तिकीट लागतं. शिवाय फ्लोरिडातल्या उन्हात चार तास बाबागाडी ढकलणं सोपं नाही. हे आधीच मोकळेपणाने बोलून ठरवावं. आजीचाही हा सहलीचाच दिवस असतो.

बाबागाडी कशी हवी?

२०१९ पासून डिस्ने वर्ल्डमध्ये बाबागाडीच्या मापावर मर्यादा आहे. रुंदी ७९ आणि लांबी १३२ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. ओढत न्यायच्या वॅगन चालत नाहीत. पार्कमध्ये भाड्याने बाबागाडी मिळते, पण ती कडक प्लास्टिकची असते आणि तिची पाठ आडवी होत नाही. मान न सावरणाऱ्या बाळासाठी ती उपयोगाची नाही. शिवाय ती पार्कबाहेर नेता येत नाही.

प्रत्येक राईडबाहेर बाबागाड्या लावायची ठरलेली जागा असते. कर्मचारी गर्दीनुसार त्या हलवत राहतात, त्यामुळे परत आल्यावर आपली गाडी सोडलेल्या जागी असेलच असं नाही. ओळखीसाठी हँडलला एखादी रंगीत ओढणी बांधावी. पासपोर्ट, पैसे आणि औषधं गाडीत ठेवून जाऊ नयेत.

दूध, डायपर, जेवण कुठे?

चारही पार्कमध्ये 'बेबी केअर सेंटर' आहे. मॅजिक किंगडममधलं सेंटर क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटच्या शेजारी आहे. स्तनपानासाठी आडोसा, डायपर बदलायची टेबलं, उंच खुर्च्या आणि बाळाचं अन्न गरम करायला मायक्रोवेव्ह तिथे असतो. डायपर आणि फॉर्म्युला विकतही मिळतो. ही खोली थंड आणि शांत असते, म्हणून आत शिरल्यावर सगळ्यात आधी ती नकाशात शोधून ठेवावी.

बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेची भांडी चालत नाहीत, पण बाळाच्या अन्नाच्या बाटल्यांना त्यातून सूट आहे. उग्र वासाचे पदार्थ नेता येत नाहीत. मऊ भात, नाचणीचं सत्त्व, केळं किंवा पराठ्याचे तुकडे अशा नेहमीच्या खाण्याला काहीच अडचण नाही. जिथे काउंटरवर पेय मिळतं, तिथे प्यायचं थंड पाणी फुकट मागता येतं.

खरी काळजी कशाची?

पहिली उन्हाची. जून ते सप्टेंबर फ्लोरिडात दुपारचं तापमान ३२-३३ अंशांपर्यंत जातं आणि दमटपणा मुंबईसारखा असतो. दुपारी गडगडाटी पाऊसही येतो आणि विजा चमकल्या की उघड्यावरच्या राईड्स बंद होतात. शक्य असेल तर हे महिने टाळावेत.

ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर दुपटं टाकायची सवय अनेकांना असते. त्याने हवा अडते आणि आतली उष्णता वाढते. गाडीची स्वतःची छत्री, सावली आणि छोटा पंखा हाच उपाय. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी देत नाहीत, त्याला दूधच जास्त वेळा पाजावं लागतं. कित्येक तास डायपर कोरडा राहणं, रडताना अश्रू न येणं, बाळ मलूल पडणं ही शरीरातलं पाणी कमी झाल्याची लक्षणं आहेत. तेव्हा राईड सोडून थेट थंड जागी आणि मदत केंद्रात जायचं.

दुसरी काळजी आवाजाची. रात्रीच्या आतषबाजीचा आवाज बाळाच्या कानांना फार होतो. कानात कापूस घालून भागत नाही, कान पूर्ण झाकणारे इअरमफ लागतात. नाहीतर लांबूनच बघावं.

तिसरी काळजी फारशी कोणाच्या डोक्यात येत नाही. ती गोवराची. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली. कॅलिफोर्नियातल्या ११० रुग्णांपैकी १२ बाळं अशी होती, ज्यांचं लस घ्यायचं वयच झालेलं नव्हतं. जगभरातून माणसं जिथे येतात, तिथे हवेतून पसरणारा आजारही येऊ शकतो. भारतात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ महिन्यांनंतर देतात, अमेरिकेत पहिला नियमित डोस १२ ते १५ महिन्यांत. परदेश प्रवास करणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना एक डोस आधी द्यावा, अशी अमेरिकेतली शिफारस आहे. म्हणून तिकिटं काढण्याआधी बाळाच्या डॉक्टरांशी बोलावं.

पोर गर्दीत दिसेनासं झालं तर?

सकाळी आत शिरतानाच मुलाचा एक पूर्ण फोटो काढून ठेवावा. त्या दिवशीचे कपडे आणि बूट त्यात दिसायला हवेत. मनगटावर फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधावी. मूल दिसेनासं झालं तर शोधत पळत सुटण्याआधी नावाची पट्टी लावलेल्या जवळच्या कर्मचाऱ्याला सांगावं. हरवलेल्या लहान मुलांना बेबी केअर सेंटरमध्ये आणलं जातं.

मग दिवस कसा आखायचा?

राईड्सची यादी करून नव्हे, बाळाच्या घड्याळावर. पार्क उघडताना पोहोचायचं, कारण तेव्हा ऊन आणि रांगा दोन्ही कमी असतात. जेवणाआधी तीन-चार राईड्स करायच्या. दुपारच्या झोपेला हॉटेलवर परतायचं, नाहीतर एसी असलेल्या शांत जागी बाबागाडीतच झोपवायचं. संध्याकाळी बाळाचा मूड बघून पुन्हा यायचं की नाही ते ठरवायचं. सलग दोन दिवस पार्कमध्ये घालवण्यापेक्षा मधला दिवस मोकळा ठेवलेला बरा.

यात अर्ध्याहून जास्त पार्क बघायचं राहून जातं. महागडं तिकीट काढलेल्या मोठ्यांना ते जिवावर येतं, आणि पैसे वसूल करायच्या नादात बाळाची झोप आणि जेवण चुकतं. तेवढं टाळता आलं तर दोन वर्षांच्या मुलाला नेण्यात काही गैर नाही. टाळता येणार नाही असं वाटत असेल, तर आणखी दोन-तीन वर्षं थांबावं. मुलाची उंचीही तोवर वाढलेली असेल.